बालकांमधील दाबव्रणे आणि त्यांची जोखीम : प्रस्तावना

हाडाच्या उंचवट्यावरची त्वचा आणि तिच्याखालील ऊती बाहेरच्या पृष्ठभागाशी दीर्घकाळ दाबल्या गेल्या, की त्या भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात, पेशींचा आकार बिघडून त्या मरू लागतात, आणि त्यातून जी जखम होते तिला दाबव्रण म्हणतात. घराघरांत आणि रुग्णालयांतही तिला ‘बेडसोर’ म्हणूनच ओळखले जाते. मराठी वैद्यकीय लेखनात ‘शय्याव्रण’ असा शब्द आढळतो. प्रस्तुत विवेचनात ‘दाबव्रण’ ही संज्ञा स्वीकारली आहे, कारण मुलांमधील अशा जखमांच्या मोठ्या भागाचा अंथरुणाशी काहीच संबंध नसतो. नाकातली नळी, बोटाला लावलेले यंत्र, सलाईनसाठी हाताला बांधलेली फळी, मानेचा पट्टा किंवा प्लास्टर यांच्या दाबानेच त्या होतात. या जखमेच्या चार अवस्था मानल्या जातात. पहिल्या अवस्थेत त्वचा अखंड असते, पण तिच्यावरची लाली बोटाने दाबूनही फिकी पडत नाही. दुसरीत त्वचेचा वरचा थर निघून जातो किंवा पाणी भरलेला फोड येतो. तिसरीत जखम त्वचेखालच्या चरबीपर्यंत उतरते. आणि चौथीत स्नायू, स्नायुबंध किंवा हाड उघडे पडते. याखेरीज वरून केवळ जांभळट डाग दिसावा आणि आत खोलवर ऊती मेलेल्या असाव्यात असाही एक प्रकार असतो, आणि तो सर्वांत फसवा होय.

दाबव्रण हा म्हातारपणाचा किंवा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा भोग आहे, ही समजूत समाजात जितकी पक्की आहे तितकीच ती बराच काळ वैद्यकशास्त्रातही होती. जोखीम मोजण्याची जी पद्धत प्रथम सर्वदूर पोहोचली ती ब्रिटिश परिचारिका डोरीन नॉर्टन यांची, आणि १९६२ मध्ये मांडलेली ती पद्धत वृद्धांच्या शुश्रूषेच्या अभ्यासातून आलेली होती. अमेरिकेतील बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८० च्या दशकात तयार केलेली श्रेणीही प्रौढ रुग्ण डोळ्यांसमोर ठेवूनच बांधलेली होती. तिचे मुलांसाठीचे रूप, म्हणजे ‘ब्रेडन क्यू’ श्रेणी, क्विग्ली आणि कर्ली यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे २००३ मध्ये मार्था कर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बाल अतिदक्षता विभागांमधल्या ३२२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या मुलांपैकी ८६ जणांना, म्हणजे चौघांमागे एकाहून थोड्या अधिक मुलांना, दाबव्रणे झाली होती. उत्तम मनुष्यबळ आणि साधने असलेल्या रुग्णालयांतला हा आकडा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ‘लहान मुलांची कातडी कोवळी असते, ती लवकर भरून येते’ या लोकप्रिय दिलाशाचा फोलपणा कळतो. भरून येण्याची शक्ती मुलांमध्ये खरोखरच अधिक असते. पण जखम होण्याची जोखीम ही वेगळी गोष्ट आहे, आणि या विवेचनाचा विषय तीच आहे.

हा विषय वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात मांडण्याचे कारण असे, की जोखमीचे घटक पाठ्यपुस्तकात एका ओळीत येत असले तरी प्रत्यक्षात ते एखाद्या गावातील घर, एखादा रस्ता आणि एखाद्या रुग्णालयाचा कक्ष यांतून वाट काढत मुलापर्यंत पोहोचतात. वाशिम हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला, वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा अशा सहा तालुक्यांचा जिल्हा असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख आहे आणि तीत पाचांपैकी चारांहून अधिक माणसे ग्रामीण आहेत. सोयाबीन, तूर आणि कापूस यांच्यावर चालणारा, बहुतांश कोरडवाहू शेतीचा हा प्रदेश २०१८ मध्ये केंद्र सरकारने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. महाराष्ट्रातून त्या यादीत गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशिम असे चारच जिल्हे होते. गंभीर आजारी मूल येथून बहुधा सुमारे ८० किलोमीटरवरच्या अकोल्याला, आणि तेथेही भागले नाही तर अमरावती किंवा नागपूरला न्यावे लागते, ही गेल्या अनेक वर्षांची रीत आहे. मुलाची जोखीम या प्रवासात कशी वाढत जाते, याचा विचार पुढे येईलच.

दाबाने ऊती का मरतात, याविषयी एक आकडा पिढ्यान्पिढ्या पाठ केला जातो. १९३० मध्ये युजीन लँडिस यांनी निरोगी माणसाच्या त्वचेतील केशवाहिन्यांमधला दाब प्रत्यक्ष मोजला आणि वाहिनीच्या धमनीकडील टोकाला तो पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर इतका भरला. तेव्हापासून बाहेरचा दाब यापेक्षा अधिक झाला की रक्तप्रवाह थांबतो, असे शिकवले जाऊ लागले. १९५९ मध्ये मायकेल कोसियाक यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाब आणि काळ यांचे व्यस्त नाते दाखवले, म्हणजे फार मोठा दाब थोड्या वेळात जी हानी करतो तीच हानी कमी दाब दीर्घकाळ राहिल्याने होते. अलीकडच्या संशोधनाने यात एक महत्त्वाची भर घातली आहे : रक्तपुरवठा तुटण्याची वाट न पाहताही, निव्वळ चेपल्या व ताणल्या गेल्यामुळे पेशींचे आवरण फाटू शकते, आणि ती हानी त्याहून लवकर सुरू होते. मुलांच्या बाबतीत ३२ हा आकडा आणखी एका कारणाने अपुरा पडतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा सरासरी रक्तदाब पहिल्या एक-दोन दिवसांत त्याच्या गर्भकाळाच्या आठवड्यांच्या आकड्याइतकाच असतो, असा नवजात शुश्रूषेतला ढोबळ ठोकताळा आहे. ज्या बाळाच्या धमन्यांमधलाच दाब २८-३० मिलिमीटर असेल, त्याच्या त्वचेतील वाहिन्या मिटायला प्रौढाच्या तुलनेत किती थोडा भार पुरेल, याचा अंदाज यावरून येतो.

मुलाच्या शरीराची ठेवण हा जोखमीचा पहिला आणि सर्वांत दुर्लक्षित घटक आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते, प्रौढात ते एक अष्टमांशाच्या आसपास येते. त्यामुळे पाठीवर झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या शरीराचा सर्वाधिक भार कंबरेखाली न पडता डोक्याच्या मागच्या बाजूवर पडतो. तेथे त्वचा आणि कवटी यांच्यामध्ये चरबीचा थर अगदी पातळ असतो, आणि केसांमुळे लाली दिसत नाही. मोठ्या माणसांची शुश्रूषा शिकलेली परिचारिका सवयीने माकडहाड, खुबे आणि टाचा पाहते, तेथे काही नाही म्हणून समाधानाने नोंद करते, आणि चार-पाच दिवसांनी उशीला चिकटलेले केस काढताना खालची काळी खपली दिसते. साधारण तीन वर्षांपर्यंतच्या मुलांत डोक्याची मागची बाजू आणि कान हीच मुख्य ठिकाणे असतात. मूल वाढते तसतशी जोखीम त्रिकास्थी, म्हणजे कंबरेच्या खालचे त्रिकोणी हाड, आणि टाचांकडे सरकते. डोक्यावरची खोल जखम भरून आली तरी तेथे केस पुन्हा येतीलच असे नाही, आणि तो टकलाचा चट्टा मुलाबरोबर, विशेषतः मुलीबरोबर, आयुष्यभर राहतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा हा स्वतंत्र अध्यायाचा विषय आहे. येथे इतकेच नोंदवणे पुरेसे आहे, की त्वचेचा सर्वांत बाहेरचा, मृत पेशींचा जो शृंगस्तर शरीराचे रक्षण करतो तो पूर्ण दिवसांच्या बाळात दहा-वीस थरांचा असतो, तर फार लवकर जन्मलेल्या बाळात तो अवघ्या दोन-तीन थरांचा असू शकतो, आणि बाह्यत्वचेला आतल्या त्वचेशी जोडणारे दुवेही विरळ असतात. अशा बाळाच्या गालावर नळी घट्ट राहावी म्हणून लावलेली चिकटपट्टी ओढून काढली, तर पट्टीबरोबर त्वचाच निघून येते. जिल्हा रुग्णालयांतील विशेष नवजात शिशु काळजी कक्षांमुळे पूर्वी दगावली असती अशी कमी वजनाची बाळे आता वाचतात, हे या काळातील मोठे यश आहे. पण त्या यशाबरोबर नव्या जखमांची शक्यताही कक्षात आली आहे, हे मान्य करायला हवे.

उपकरणांमुळे होणारी दाबव्रणे हे मुलांच्या बाबतीतले सर्वांत मोठे प्रकरण आहे. रुग्णालयात दाखल असताना मुलांना होणाऱ्या अशा जखमांपैकी निम्म्याहून अधिक जखमा कोणत्या ना कोणत्या साधनाखाली होतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे, आणि ब्रेडन श्रेणीची २०१८ मधील नवी आवृत्ती, ‘ब्रेडन क्यूडी’, साधनांची संख्या आणि ती हलवता येतात की नाही हे स्वतंत्रपणे मोजते ते याच कारणाने. श्वास घेण्यास मदत करणारी हवा नाकातून सतत सोडणारे सीपॅप यंत्र बाळाला कृत्रिम श्वासाच्या नळीपासून वाचवते. पण त्याच्या नाकातल्या नळ्या किंवा मुखवटा किंचित घट्ट बसला तर दोन नाकपुड्यांमधला पडदा दोन-तीन दिवसांत झिजू शकतो, आणि तो एकदा गेला की नाकाचा आकार कायमचा बिघडतो. रक्तातील प्राणवायू मोजणारे चिमट्यासारखे यंत्र एकाच बोटावर तासन्‌तास राहिले, सलाईनची फळी मनगटावर करकचून बांधली, पोटात अन्न पोहोचवणारी नळी नाकपुडीच्या एकाच कडेला टेकून राहिली, ऑक्सिजनच्या नळीचा पट्टा कानामागे रुतला, मांडीचे हाड मोडल्यावर घातलेल्या प्लास्टरची कड घोट्याला लागली : यांतली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे क्षुल्लक वाटते. साधन ज्या आकाराच्या शरीरासाठी बनवले आहे त्याहून मूल लहान असेल तर पट्टा घट्ट करण्याखेरीज पर्याय उरत नाही, आणि लहान मापाची साधने संपली की मोठ्या मापाचे साधन वापरले जाते, ही जिल्हा व तालुका पातळीवरील साठ्याची अडचण शेवटी मुलाच्या कातडीवर उमटते. उपकरणाखालची त्वचा दिवसातून किमान दोनदा पाहावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगतात. उपकरण सुटेल या भीतीने ते न हलवणे ही कक्षातली सर्वसाधारण प्रवृत्ती असते; ती समजण्यासारखी आहे, पण समर्थनीय नाही.

हालचाल आणि संवेदना या दोन गोष्टी निरोगी माणसाला झोपेतही वाचवत असतात, कारण दाब असह्य झाला की शरीर आपोआप कूस बदलते. ही सोय जेथे नाहीशी होते तेथे दाबव्रणाची जोखीम सर्वांत मोठी असते, आणि विदर्भातील मुलांमध्ये ती नाहीशी होण्याची कारणे या प्रदेशाच्या जीवनाशी जोडलेली आहेत. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या मुलाला मण्यार चावते तेव्हा दंशाची जागा बहुधा सुजतही नाही, पण काही तासांत पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. असे मूल कित्येक दिवस कृत्रिम श्वासावर राहते. येथे ध्यानात घेण्याची बाब अशी, की या मुलाची संवेदना शाबूत असते, त्याला टाच दुखत असते, पण बोट हलवून ते सांगण्याचे बळ त्याच्यात नसते. शेतीसाठी आणलेले ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशक चुकून पोटात गेलेल्या मुलाची गोष्ट वेगळी : त्याची शुद्ध हरपते, आणि त्याच वेळी विषाच्या परिणामाने घाम, लाळ आणि जुलाब यांनी त्याचे अंग व अंथरूण सतत ओले राहते, म्हणजे अचलता आणि ओलावा हे दोन घटक एकाच वेळी येतात. मेंदूज्वराने बेशुद्ध झालेली मुले हा तिसरा गट. ज्या चांदिपुरा विषाणूमुळे मुख्यतः मुलांमध्ये असा जीवघेणा मेंदूज्वर होतो तो १९६५ मध्ये नागपूरच्या चांदिपुरा भागात सापडला, आणि त्याचे नाव या प्रदेशाशी कायमचे जोडले गेले आहे. क्षयरोगाचा मेंदूच्या आवरणावरील हल्ला, मणक्याचा क्षयरोग, आणि पोलिओसारखाच अचानक लुळेपणा आणणारा गियाँ-बारे आजार यांचाही येथे उल्लेख करावा लागेल.

हे झाले अल्पकाळाचे आजार. दीर्घकाळाची जोखीम मुख्यतः दोन गटांत दिसते. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडल्याने, किंवा कावीळ मेंदूत गेल्याने मेंदूला इजा झालेल्या, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे स्नायू ताठ असतात, गुडघे व घोटे एकमेकांवर घासतात, पाठीचा कणा वाकतो, आणि वय वाढेल तसा बसण्या-झोपण्याचा भार शरीराच्या एकाच बाजूवर पडू लागतो. ज्यांच्या पाठीचा मणका गर्भावस्थेतच नीट मिटलेला नाही, त्या स्पायना बिफिडाच्या मुलांना कंबरेखाली संवेदनाच कमी असते. ही मुले हुशार असतात, शाळेत जातात, फरशीवर सरकत खेळतात, आणि चटका बसल्याचे किंवा कॅलिपरचा पट्टा रुतल्याचे त्यांना कळत नाही. किशोरवयात वजन वाढले आणि दिवसभर बसून राहावे लागले, की बैठकीच्या हाडांवर जखमा होतात, आणि लघवीवर ताबा नसल्याने त्या ओल्याच राहतात. अशा किशोरवयीन मुलामुलींची कोंडी केवळ वैद्यकीय नसते. जखम दाखवण्याची लाज हाही एक जोखीम घटक आहे, आणि तो कोणत्याही श्रेणीत मोजला जात नाही.

पोषणाविषयी फार काही सिद्ध करण्याची गरज नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोडकी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयी होती. हाड आणि त्वचा यांच्यामध्ये चरबी व स्नायू नसले की दाब वाटला जात नाही. प्रथिने कमी पडल्याने अंगाला सूज आलेल्या मुलाची त्वचा ताणलेली व ठिसूळ असते. आणि रक्तक्षयामुळे जो थोडा रक्तप्रवाह पोहोचतो त्यातही प्राणवायू कमी असतो. रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पातळीवरून पोषण ठरवण्याची जुनी पद्धत मात्र आता जपून वापरावी, कारण कोणत्याही तीव्र संसर्गात ती पातळी खाली येते. दंडाचा घेर, वजन आणि ‘मूल गेल्या आठवड्यात काय खात होते’ हा आईला विचारलेला प्रश्न अधिक विश्वासार्ह ठरतो.

ओलावा, घर्षण आणि कातरताण हे तीन घटक बहुधा एकत्रच येतात. कातरताण म्हणजे त्वचा अंथरुणाला चिकटून राहावी आणि आतले हाड खाली घसरावे, अशा स्थितीत मधल्या ऊतींना बसणारा ताण. उशीला टेकवून अर्धवट बसवलेले मूल हळूहळू पायथ्याकडे घसरते तेव्हा तो निर्माण होतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या या भागात गादी खराब होऊ नये म्हणून मुलाखाली मेणकापड किंवा रबरशीट घालतात, आणि त्यावर घाम साचून त्वचा भिजत राहते. गादी वाचते, पाठ जाते. लंगोटाखाली लघवी-शौचाने होणारी लाल चट्ट्यांची जळजळ ही दाबव्रणाहून वेगळी असते, पण तशी सोललेली त्वचा दाबाला लवकर बळी पडते.

रक्तदाब टिकवण्यासाठी दिलेली औषधे बोटे, कान व टाचांकडील रक्तवाहिन्या आकुंचित करतात. प्राण वाचवण्यासाठी ती अपरिहार्य असतात, आणि म्हणूनच ती चालू असताना त्या जागा अधिक जपाव्या लागतात. दीर्घ शस्त्रक्रिया, रक्तातील प्राणवायूची घट आणि अंगावरील सूज यांचेही तसेच.

हे सारे घटक एकत्र मोजण्यासाठी श्रेणी तयार झाल्या. मूळ ब्रेडन क्यू श्रेणीत हालचाल, सक्रियता, संवेदना, ओलावा, घर्षण व कातरताण, पोषण आणि ऊतींना मिळणारा रक्त-प्राणवायू अशा सात बाबींना एक ते चार गुण दिले जातात, बेरीज ७ ते २८ यांच्या दरम्यान येते, आणि ती १६ किंवा त्याहून कमी असेल तर मूल जोखमीत आहे असे धरतात. वेल्समध्ये विकसित झालेली ग्लॅमॉर्गन श्रेणी मुलांसाठीच मुळापासून बांधलेली आहे. या श्रेणी उपयुक्त आहेत, पण त्यांच्याविषयी दोन आक्षेप नोंदवलेच पाहिजेत. पहिला, त्या अशा रुग्णालयांत घडल्या जेथे मूल सर्व काळ प्रशिक्षित नजरेखाली असते. त्यांत घर नाही, रस्ता नाही, आणि मुलाची कूस कोण बदलणार हा प्रश्न तर मुळीच नाही. दुसरा आक्षेप त्वचेच्या रंगाचा. ‘दाबूनही न जाणारी लाली’ ही पहिल्या अवस्थेची व्याख्या गोऱ्या त्वचेवर बेतलेली आहे. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ती लाली दिसतच नाही, आणि विदर्भातील बहुसंख्य मुलांची पहिली अवस्था त्यामुळे नोंदीतून निसटते व जखम एकदम दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेत ‘उगवते’. अशा त्वचेवर हाताच्या पाठीने स्पर्श करून आसपासच्या भागापेक्षा गरम किंवा गार, कडक किंवा लिबलिबीत लागते का, आणि रंग जांभळट वा अधिक गडद झाला आहे का, हे पाहावे लागते. आपल्या परिचर्या अभ्यासक्रमांनी हा भाग ठळक अक्षरांत शिकवायला हवा.

घरातील परिस्थितीकडे वळल्यावर असे दिसते, की येथे जोखीम आणि शुश्रूषा यांची सरमिसळ झालेली असते. बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून मोहरी भरलेली उशी देण्याची रीत दाब थोडा पसरवत असेलही. परंतु दोन्ही बाजूंनी कापडाचे बोळे लावून डोके एकाच स्थितीत अडकवून ठेवले की तिचा लाभ संपतो. टाचेखाली किंवा माकडहाडाखाली कापडाची चुंबळ ठेवणे हा घरोघर आणि अनेक कक्षांतही केला जाणारा उपाय आहे, आणि तो अपायकारक आहे, कारण चुंबळीच्या कडेवर दाब एकवटतो व मधल्या भागाचा रक्तपुरवठा चहूबाजूंनी तुटतो. रबरी हातमोज्यात पाणी भरून तो टाचेखाली ठेवण्याचेही समर्थन करता येत नाही. लाल झालेल्या जागेवर तेल लावून जोरात चोळणे हे प्रेमाने केले जाते, आणि आधीच चेपलेल्या ऊती त्याने अधिक फाटतात. पंपावर चालणारी हवेची गादी विकत घेणाऱ्या कुटुंबांना दोन गोष्टी सांगितल्या जात नाहीत : ती प्रौढांच्या वजनासाठी बनवलेली असते, त्यामुळे लहान मुलाचे डोके तिच्या दोन नळ्यांमधल्या खळग्यात जाऊन बसू शकते, आणि वीज गेली की काही वेळाने तिच्यातली हवा उतरते. घडी केलेली मऊ गोधडी आणि ठरलेल्या वेळी कूस बदलणारे माणूस यांची जोडी अनेकदा त्याहून बरी ठरते.

पण ते माणूस कोठून यावे? खुरपणी, सोयाबीनची सोंगणी आणि कापूस वेचणी या कामांच्या दिवसांत आई पहाटे घर सोडते व संध्याकाळी परतते. मूल आजीच्या किंवा आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर असते, आणि बारा-तेरा वर्षांच्या ताठ स्नायूंच्या मुलाला उचलून वळवण्याची ताकद त्या दोघींतही नसते. दर दोन तासांनी कूस बदला, हा सल्ला देणाऱ्याने त्या घरातील मजुरीचा हिशेब विचारलेला नसतो. मुलाची काळजी घेणाऱ्या व्यक्तीचा उपलब्ध वेळ आणि तिचे शारीरिक बळ हे जोखमीचे घटक आहेत, आणि ग्रामीण संदर्भात त्यांना पोषण व ओलाव्याच्या बरोबरीचे स्थान मिळाले पाहिजे, असे या विवेचनाचे प्रतिपादन आहे.

सरकारी व्यवस्थेची रचना पाहिली तर हे मूल तिच्या कोणत्या फटीतून निसटते तेही दिसते. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा जो नमुना डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने विदर्भातच, गडचिरोलीत, उभा केला आणि ज्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, त्याच धर्तीवर आज आशा स्वयंसेविका रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी देते. पुढे पंधराव्या महिन्यापर्यंत तिच्या आणखी काही भेटी ठरलेल्या असतात. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके सहा वर्षांपर्यंतची मुले अंगणवाडीत आणि त्यापुढची अठरा वर्षांपर्यंतची मुले शासकीय व अनुदानित शाळांत तपासतात. ही चांगली रचना आहे. मात्र ती मूल अंगणवाडीत किंवा शाळेत आलेले आहे असे गृहीत धरते. जे नऊ वर्षांचे मूल बाजेवरून उठूच शकत नाही, ते तपासणीच्या दिवशी गैरहजर असते. समग्र शिक्षा अभियानातून घरी येऊन शिकवणारे विशेष शिक्षक हेच काही घरांत नियमित पाऊल टाकणारे एकमेव शासकीय माणूस असतात, तेव्हा त्यांना त्वचा पाहायला शिकवणे हा स्वस्त आणि व्यवहार्य मार्ग आहे.

राहिला प्रवासाचा प्रश्न. तालुक्याच्या रुग्णालयातून जिल्ह्याला, तेथून अकोल्याला, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत कडक फळीवर पाठीवर बांधलेले, मानेला पट्टा लावलेले, हातात सलाईन असलेले मूल रस्त्यावर, नोंदणीच्या खिडकीपाशी आणि तपासणीच्या रांगेत मिळून कित्येक तास त्याच स्थितीत राहते. मोठ्या रुग्णालयात पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी दिसलेली जखम ‘येथे झालेली’ म्हणून नोंदली जाते, तर खोलवरची हानी वर दिसायला ४८ ते ७२ तास लागू शकतात, म्हणजे तिचा उगम बहुधा वाटेत किंवा पहिल्या रुग्णालयात असतो. दोष कोणाचा, हा वाद येथे निरर्थक आहे. मूल किती तास पालथे वा उताणे होते, कोणती साधने केव्हापासून लावली आहेत आणि निघताना डोक्याची मागची बाजू कशी होती, या तीन गोष्टी पाठवणीच्या कागदावर लिहिल्या गेल्या तर पुढच्या परिचारिकेला पहिल्याच तासात कोठे पाहायचे ते कळेल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशिमचेही महाविद्यालय आहे. बाल अतिदक्षतेच्या सोयी येथे जसजशा उभ्या राहतील तसतशी अकोल्याची वाट धरणारी मुले कमी होतील, आणि त्याच प्रमाणात उपकरणांखालच्या जखमांची जबाबदारी जिल्ह्यावर येईल. पुढील प्रकरणे मुख्यतः परिचारिका, आशा, विशेष शिक्षक आणि घरी मूल सांभाळणारे पालक यांच्यासाठी लिहिलेली आहेत. ती वाचताना समोर एखादे आजारी मूल असेल, तर पुस्तक क्षणभर बाजूला ठेवून प्रथम त्याचे डोके हलकेच उचलून केसांखाली, मग कानांमागे, नाकपुडीच्या कडेला आणि टाचांना पाहावे, आणि जे दिसेल ते तारीख-वेळ घालून लिहून ठेवावे, ही वाचकांना विनंती आहे.